आवर

हडर्सफील्डच्या चढावरच्या या घरात
सकाळी सव्वासहाला बॉयलर घसा खाकरतो
आणि मी म्हणते, आवरा.

कुणाला उद्देशून असं नाही.
जिन्याला, न्हाणीघराच्या बंद दाराला,
रात्री भिजत घातलेल्या करपलेल्या कढईला.

आवरा म्हणजे दात घासा.
आवरा म्हणजे एकच मोजा कसा, दुसरा रेडिएटरच्या मागे बघ.
आवरा म्हणजे आज गुरुवार, पीईचे कपडे,
काल धुतलेत, वाळलेत की नाही देव जाणे,
इथे कपडे वाळत नाहीत, नुसते थंड होतात.
आवरा म्हणजे डब्यात पोळीचा रोल,
दाण्याचं कूट शाळेत चालत नाही
म्हणून भाजीला बिनदाण्याची सवय लावली,
आणि मग जिभेला.

श्रीरंग विचारतो, करडा डबा की हिरवा?
अकरा वर्षं दर गुरुवारी विचारतो.
मग पडदा सारून स्वतःच बघतो,
मिसेस ओल्डरॉइडच्या फाटकाशी जो रंग, तोच आपला.

निहारला चाळीसेक मराठी शब्द येतात,
त्यातले तीस आज्ञार्थी.
ये. बस. जेव. नको. हात धू.
आवर म्हणजे त्याच्या लेखी बूट घाल,
कारण रोज सगळं संपतं ते बुटांपाशी.

मिरजेहून आत्याचा फोन यायचा रविवारी.
हॅलो नाही, कशी आहेस नाही,
थेट, "आवरलं का गं तुझं?"
तिच्याकडे दुपारचे अडीच, भांडी पालथी, पदराला हात पुसलेले.
माझ्याकडे दहा, ओट्यावर दूध सांडलेलं.
मी म्हणायचे, हो, केव्हाच.
तिला ते खरं वाटायचं नाही
आणि तरी बरं वाटायचं.

या गुरुवारी फोन आला, सात वाजायला पाच कमी.
आत्याचा नंबर, प्रमोददादाचा आवाज.
म्हणाला, झोपेतच गेली.
म्हणाला, रात्रीच आवरलं सगळं,
तू धावपळ करू नकोस, लेकराची शाळा असेल.

मी पोळीला तूप लावत होते.
लावलं, कडेपर्यंत लावलं.
रोल केला, फॉइलची टोकं दुमडली,
डब्याचं झाकण चारही बाजूंनी बसलं का ते दाबून पाहिलं.
मग जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले
आणि उठता येईना.

श्रीरंग आला, हाताला साबण तसाच.
त्याला काय बोलावं कळत नाही अशा वेळी,
त्याच्या आईला जे बोलताना ऐकलं तेच बोलला.
"आवर गं. आवर आता स्वतःला."

निहारने ऐकलं.
मागच्या दाराशी गेला,
माझे बागेतले बूट घेऊन आला, चिखलाचे,
कार्पेटवर ठिपके पाडत.
डावा उजव्या पायात घालू लागला,
जमेना, तर गुडघे टेकून, जीभ बाहेर काढून
नाडीची दुहेरी गाठ मारली,
मी त्याला मारते तशी.
"आई, आवर,"
त्याचा र इंग्रजीत विरघळलेला.

तेवढ्यात चढावर लॉरीचा आवाज.
श्रीरंग सपाता घालूनच पळाला,
डबा ओढत, दगडांवर खडखडाट करत,
आणि आज हिरवा होता. त्याने करडा नेला.
मिसेस ओल्डरॉइड खिडकीतून दोन्ही हात हलवत होत्या.
मी हसले की काय केलं, आठवत नाही.
उलट्या बुटांनी दारापर्यंत गेले खरी.

मग शाळा. मग ऑफिस. मग सहाची बस.

घरी आले तर कढई सिंकमध्ये तशीच,
पाणी गार, वर तेलाचे गोल गोल डोळे.
बाही सारली, हात घातला,
आणि तिथेच उभी राहून
पहिल्यांदा खरं सांगितलं,
नाही गं आत्या,
अजून काहीच आवरलं नाही.