एकोणचाळीसपर्यंत

चिआतुरात खाणी वर, घरं खाली,
मधे दोरावर लोंबणारा पत्र्याचा डबा
आणि डब्यात आमची आई, गुलनारा,
गळ्यात कातडी पिशवी, हाताशी एक लाल खटका.
नदी काळी. मँगनीज धुऊन धुऊन
क्विरिलाला स्वतःचा मूळ रंग आठवत नसावा.

गिरणीच्या वर डबा आला की आई म्हणायची,
श्वास धरा.
तेवढ्यानं भुकटी काही थांबत नसे, पण आम्ही धरायचो.
मी बाविसाला फुटायचे.
त्सिरा एकोणचाळीसपर्यंत जायची,
गाल न फुगवता, पापणी न हलवता,
पलीकडची हिरवी टेकडी येईतो.

पुढं दिवे जाऊ लागले.
दिवे गेले की डबा होता तिथं थांबे.
जीव टांगणीला लागणं म्हणजे काय,
ते आम्हाला कुणी समजावून सांगायला नको होतं.
चौदा माणसं, एक कोंबडी,
रात्रपाळी करून आलेला बेसो, त्याला लघवी लागलेली,
आणि खाली नुसती हवा.
तेव्हा नऊ वर्षांची त्सिरा बाकावर उभी राहिली
आणि मेदिकोबाईंचं नवऱ्याशी भांडण
दोन्ही आवाजांत करून दाखवलं.
मेदिकोबाई डब्यातच होत्या.
सगळ्यांच्या आधी त्याच हसल्या.

‘उठून जाता येत नाही असे प्रेक्षक
मला पुन्हा मिळाले नाहीत’,
असं ती नंतर एका मुलाखतीत म्हणाली.
लोकांना तो विनोद वाटला.

तिबिलिसीत नाट्यशाळेनं तिला दोनदा परत पाठवलं.
बोलण्यात हेल होता, आमच्याकडचा.
ती भट्टीवर पाव विकू लागली, पहाटे चारपासून.
रांगेतल्या एका माणसानं विचारलं,
मेल्यासारखं पडता येईल का? दिवसाचे वीस लारी.

फेब्रुवारी, नदीकाठ, ओलं गवत.
कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर आला आणि हलेना.
ओतिया ‘कट’ म्हणायला विसरला की मुद्दाम म्हणाला नाही,
यावर त्या दोघांचं अजून एकमत नाही.

पहिल्या तीन चित्रपटांत ती मेलेलीच.
आई शेजारणींना सांगे,
हिचं बरं चाललंय, यंदा दोनदा मेली.
चौथ्यात एक वाक्य मिळालं:
‘दार लावा, थंडी येतेय.’
ती हेल झाकून बोलली, अगदी शहरातल्यासारखी.
ओतिया म्हणाला, नाही, घरी बोलतेस तसं.
तिला म्हणे घरी कसं बोलतो ते आठवेना.
रात्री तिनं फोन केला, मला म्हणाली,
‘दार लावा’ म्हण बरं एकदा.
मी म्हटलं. सात वेळा म्हटलं.
ते वाक्य आता सगळा देश तिच्या आवाजात ओळखतो.

हेवा वाटला का? वाटला.
आईनंतर लाल खटका माझ्याकडे आला
आणि खटक्याशेजारी कुणीतरी तिचा फोटो चिकटवला,
तोही मासिकातला, घडी नेमकी नाकावरून गेलेली.
प्रवासी फोटोकडे बघत, मग माझ्याकडे,
मग खिडकीबाहेर.
आडनाव भित्तिपत्रकावर मावेना,
निर्माते म्हणाले, लोब्जानिद्झे अर्धं कापू.
ती म्हणाली, अक्षरं बारीक करा.
त्या दिवशी मी फोटो पुसून सरळ लावला.

मागच्या शरद ऋतूत तिनं आम्हाला बोलावून घेतलं.
मोठं थिएटर, आईच्या पायात मेदिकोबाईंचे बूट.
पडद्यावर शेवटी त्सिरा तळ्याच्या तळाशी,
डोळे उघडे, केस पाण्यात पसरलेले.
अंधारात आईची बोटं माझ्या गुडघ्यावर मोजू लागली.
तीस. पस्तीस. एकोणचाळीस.
पडद्यावर काही हललं नाही.
चाळीस.
त्रेचाळीस.

‘सोड गं आता,’ आई मोठ्यानं म्हणाली,
‘टेकडी आली!’

सगळ्या रांगा वळून बघू लागल्या.
सर्वांत पुढं त्सिराचे खांदे खाली आले,
इतके सावकाश, की मला मागूनही दिसलं.
मी केव्हाच सोडला होता,
नेहमीसारखा, बाविसाला.