उणे अठरा

इंजिन आलं ते गोणपाटात गुंडाळून.
पुठ्ठ्यावर निळ्या शाईत: इश्फाक वानी, तनमर्ग.
खाली नंबर, आणि नंबराखाली एक ओळ,
ठंड में उठता नहीं.

रबाळ्यात डिसेंबर म्हणजे
सकाळी सहाला शर्टावर शर्ट,
दहाला वरचा खिळ्याला.
अकरापर्यंत शेडचा पत्रा तापतो.
बर्फ मी पाहिला तो पापलेटांवरचा,
गोळ्यातला,
आणि एकदा वडिलांच्या खाली,
मस्कतहून भाऊ यायचा होता म्हणून.

टू-स्ट्रोक निघालं. ओळखीचं हाड.
रिक्षांची अशी कितीतरी उघडली असतील मी.
पिस्टनवर काजळी, रिंगा ठीक,
पण कार्ब्युरेटरच्या वाटीत तळाला
पांढरा डाग, टिकलीएवढा.
तौसिफनं नखानं खरवडून पाहिला.
म्हटलं, इथं पाणी बसायचं.
म्हणाला, एवढंसं?
म्हटलं, जेटचं भोक बघ केवढं आहे.

फोन लावला. टाकी किती भरता?
आधी.
रात्री गाडी कुठं?
बाहर. और कहाँ?
मागे कुत्रं भुंकत होतं, कुणीतरी लाकूड फोडत होतं.

तुर्भ्याला कोल्ड स्टोरेजवर हिराजी केणी, माझ्या वर्गातला.
मटारच्या खोक्यांशेजारी एक रात्र जागा दिली.
अट घातली: पेट्रोल आत न्यायचा नाय,
चालू करशील ती भायेर, धक्क्यावर.
धूर मटारला लागला तं माझी नोकरी गेली.

पहिल्या रात्रीनंतर
चाळीस वेळा दोरी ओढली.
हात सोलला, लोखंड ढिम्म.
आतल्या खोलीत माझ्याच तोंडातून वाफ निघाली
आणि मी मागे वळून पाहिलं, कोण आहे म्हणून.

मग शाहनवाज सीटकव्हरवाल्याकडून
रेक्झिन आणि नमद्याचं जाकीट शिवून घेतलं,
बटणं रिक्षाच्या हुडाची.
आत लावायला साठचा पिवळा बल्ब.
तो आता सहज मिळत नाही,
कोंबडीची पिल्लं विकणाऱ्या बाईनं दिला,
उद्या परत आण म्हणाली.
तौसिफनं रात्रभर हसून घेतलं:
उस्ताद, अंडं उबवताय.

पहाटे पाचला धक्का ओला होता.
ऑइल आधी थोड्या पेट्रोलात फेटलं,
बायको डाळीला ताक लावते तसं,
मग बाकीच्यात ओतलं.
चोक ओढला.
एक. दोन.
तिसऱ्याला ते खोकलं, थांबलं,
आणि मग असं सुरू झालं
की केणी चहा टाकून बाहेर आला
आणि काहीच बोलला नाही.

परत पाठवताना जाकीट बरोबर दिलं, बल्बही.
(त्या बाईला दोन नवे द्यावे लागले,
भिवंडीपर्यंत हिंडलो.)
चिठ्ठी तौसिफनं हिंदीत लिहिली, मी सांगितली तशी:
रात्री टाकी गळ्यापर्यंत भरा.
अर्ध्या टाकीत हवा राहते, हवेत पाणी असतं,
बाकी काम थंडी करते.
पेट्रोल कापडातून गाळून घ्या.
गाडी बंद केल्यावर जाकीट लगेच घाला,
ऊब आत असतानाच,
निवल्यावर घालून उपयोग नाही.
हे वाक्य त्यानं दोनदा लिहिलं. मी खोडायला लावलं नाही.

जानेवारीत व्हिडिओ आला, अकरा सेकंदांचा.
पांढरं, पांढरं, एक लाल सीट,
कुणाचा तरी हातमोजा.
माणूस दिसत नाही. आवाज मात्र पुरेपूर.

शेडमध्ये ग्राइंडर बंद करायला लावला.
मोबाइल कानाला धरून पुन्हा ऐकला, तिसऱ्यांदा ऐकला.
जड वाजतंय. धूर जास्त.
चोक विसरलाय हा.

त्याला म्हणावं, चोक आत ढकल,
तौसिफ, लाव फोन,
गरम झालंय ते आता.