नोंद सतरा

बर्फाच्या कारखान्यातली रात्रपाळी संपते
तेव्हा हर्णैच्या पुळणीवर लिलाव लागलेला असतो.
मी सुरमईकडे बघत नाही.
मी बघतो दाराचा अडसर, तुळशीपाशी रोवलेली नळी,
होडी ओढायची पहार.
लोखंड आमच्याकडे कुणी टाकत नाही,
त्याला दुसरं काम लावतात.

असे जमले सोळा नग.
तोडेदार बंदुका, दोन चकमकीच्या,
आणि एक जंबुरा, ज्यावर आडे गावात
वीस वर्षं लुगडी वाळत होती.

सगळे त्या एकाच लढाईतले.
थोरला किल्ल्यात, धाकटा गलबतांवर,
मधे अर्ध्या कोसाचं पाणी.
आई कुणाकडे जेवत होती
ते कुठल्याच कागदात सापडत नाही.
शाळेच्या पुस्तकात तिला यादवी म्हणतात.
आमच्या घरात तिला दापोलीच्या कोर्टात तारीख पडते:
मी, बाबल्या, आणि तेवीस माड.

खारा वारा एक रात्रही विसरत नाही.
म्हणून आधी रॉकेल, मग खोबरेल, मग जुन्या बनियनचं फडकं.
पुसता पुसता एकदा दिसलं:
नळीच्या बुडाशी तीन ठिपके आणि एक शिंपला.
दुसरी पुसली. तिसरी पुसली.
थोरल्याच्या अंगाच्या नऊ, धाकट्याच्या सात,
शिक्का एकच.
लोहार एकच होता.
त्यानं दोघांकडून पैसे घेतले असतील,
नाहीतर दोघांनीही बुडवले.

निवडणूक लागली की हवालदार कुळे येतात.
जमा करा.
साहेब, हिचा कान बुजलाय, हिला चाप नाही,
हिच्या रंजकदाणीत कोळ्यानं घर केलंय.
तरी जमा करा.
पावतीवर लिहितात: बंदुका नादुरुस्त, नग सोळा.
मतमोजणी होईपर्यंत
माझी भिंत दात पडल्यासारखी दिसते.

सतरावी मी शोधायला गेलो नव्हतो.
पाजपंढरीत नागूबाय दोरकुळकरणीकडे
बर्फाची उधारी मागायला गेलो होतो.
ती चुलीपुढे बसलेली, ओले फाटे, धूर,
आणि तोंडाला फुंकणी.
दोन वितींची, जाड, काळी,
बुडाचा बूच कधीच कुणी काढलेला.
मी वाकलो. तीन ठिपके.
शिंपला जवळजवळ गेलेला,
शिक्क्याच्याच जागी ओठ लागत आलेले.

म्हटलं, स्टीलची नवी देतो, वर पाच हजार.
ती हसली नाही.
"तीन सासवांचा उस्वास हाय ह्येच्यात.
तुज्या स्टीलला आग वळखंल काय?"
आणि माझ्याकडे नळी रोखून
एक फुंकर मारली.
राख उडाली.
दारू नव्हती, गोळी नव्हती,
तरी मी उंबऱ्यापर्यंत मागे सरलो.
मग तिनं नळी चुलीत वळवली,
फाटा धरला, भाताला कढ आला.
बोंबलाचं कालवण होतं. मी जेवलो.
उधारीचं नाव कोण काढणार.

घरी येऊन वही उघडली.
नोंद सतरा. आखूड नळी. शिक्का अर्धा.
बाजू: थोरला की धाकटा, रिकामं ठेवलं.
ठिकाण: चुलीच्या डाव्या अंगाला.
स्थिती:
इथे पेन्सिल बराच वेळ चावली.
वरच्या सोळा ओळींत माझ्याच अक्षरात
नादुरुस्त, नादुरुस्त, नादुरुस्त.
मी लिहिलं, चालू.

वहीच्या मागच्या पानावर तिच्या नावापुढे
तीनशे चाळीस रुपये आहेत.
तेही चालूच आहेत.