दम

रामलखन कुशवाह रजईतूनच रिमोट दाबतो,
पहाटे साडेचारला, गोला का मंदिरच्या दुसऱ्या मजल्यावर.
खाली गल्लीत ट्रक खोकतो, पेटतो,
आणि मग नुसता थरथरत उभा,
साडेसहाशे फेऱ्यांवर,
वरात निघून गेल्यावर मांडवात राहिलेल्या म्हाताऱ्यासारखा.
वीस मिनिटं झाली तरी हवेचा काटा चारच्या वर सरकत नाही,
ब्रेक सुटत नाहीत,
झाशीचा आडत्या फोनवर फोन करतो.

"दीदी, इसको सुबह-सुबह थोड़ा तेज़ कर दो."
थोडं म्हणजे किती, त्यालाही सांगता येईना.
चिमूट करून दाखवली,
भाजीत हिंग किती ते दाखवतात तशी.

डिसेंबरात ट्रान्सपोर्ट नगरातून किल्ला दिसत नाही.
समोरचं दुकानसुद्धा नाही.
धुक्यात फक्त वेल्डिंगची निळी ठिणगी
आणि तिच्यामागून एक शिवी.
केबिन कलंडवून मी आत वाकले,
पंपाच्या लिव्हरला सोलेनॉइड बांधलं,
दांडीचा आटा अर्धा अर्धा फेरा देत
अकराशेवर आणून ठेवला.

पण थेट वायर दिली नाही.
आधी तेलाचा दाब येऊ दे.
मग चाळीस सेकंदांचा टायमर.
मग गिअर न्यूट्रलला आहे का, हँडब्रेक ओढलाय का,
दोघंही हो म्हणाले तरच रिले टक् करणार.
आणि ब्रेकवर पाय पडला
की सगळं मुकाट खाली.

"इतनी पंचायत?"
म्हटलं, तू वर रजईत असतोस, रामलखन.
खाली चाकाला चिकटून कुत्री झोपलेली असते,
तिची चार पिल्लं असतात.
तो गप्प झाला. कुत्री खरंच होती म्हणे.

पंचायत माझी नाहीच, अण्णांची.
एकोणिसाव्या वर्षी घाईत
मी बॅटरी उलटी जोडली,
अल्टरनेटरचा धूर दुकानभर.
ते ओरडले नाहीत. दम धर, म्हणाले.
त्यानंतर प्रत्येक स्क्रूमागे तेच.
गिऱ्हाइकांशी हिंदी, पान्यांशी शिव्या,
आणि मराठी फक्त
मला थांबवायला.

आता ते स्टुलावर बसतात, स्वेटरवर स्वेटर,
चार शब्दांत दम लागतो,
त्यातले दोन मी ओठांवरून घेते.
अक्षर मात्र शाबूत.
दुकानाची पाटी अजून त्यांच्याच हातची.

स्विचखाली काहीतरी लिहायला हवं होतं.
मी म्हटलं, हाय आयडल.
रामलखन म्हणाला, तेज़ वाला.
अण्णांनी बोटानं पिवळ्या रंगाची डबी मागितली,
सगळ्यात बारीक कुंचला.
हात कापत होता.
मनगट धरावंसं वाटलं, धरलं नाही.
एक अक्षर.
थांबले. श्वास घेतला.
दुसरं.

दम.

"वाह बाबूजी! दम! डबल ताक़त!"
रामलखनने डॅशबोर्डवर थाप मारली, रंग थोडा फिसकटला.
अण्णांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही.
माझ्याकडे पाहिलं.
मी आधीच स्वच्छ असलेला पाना पुसत राहिले.

रंग वाळायला संध्याकाळ झाली.
मग रिमोट.
इंजिन पेटलं, साडेसहाशेवर रेंगाळलं,
आम्ही तिघं उभे, अण्णा बसलेले धरून,
मनातल्या मनात मोजत.
अण्णा ओठ हलवून मोजत होते.
बत्तीसवर अडकले, धाप लागली.
मग मीही अडकले,
पुढचा आकडा कुठला ते आठवेना.
टायमरला आठवत होतं.

टक्.

आवाज वर चढला, काच थरथरायची थांबली,
काटा पाच, सहा,
कुठेतरी हवेचा व्हॉल्व शिंकला.
"किती झाले?" अण्णांनी विचारलं,
एका दमात.

बिलात सोलेनॉइड लावला, टायमर लावला,
दोन रिले, मजुरी.
रंगाचे नाही लावले.