पिशवी सोपवताना

घे, गोचा. पट्टा डाव्या खांद्यावर टाक.
उजव्याला माझ्या एकतीस वर्षांचा खळगा पडलाय,
तुझ्या हाडाला तो बसायचा नाही.

कुताईसीतला हा चढ. पाटीवर आता एका कवीचं नाव आहे,
त्याची एकही ओळ इथे कुणाला पाठ नाही.
त्याआधी एक तारीख होती, नुसती तारीख.
लोक हसायचे : काय हो, तुम्ही तारखेला राहता का?
तारखेच्या आधी एक सेनापती.
सेनापतीच्या आधी टोपीवाल्यांची चढण,
कारण दारोदारी ओली लोकर कुटायचे
आणि साबणाचं पाणी गटारातून थेट रिओनीत जायचं.
भिंतीला भोकं मात्र चारच.
जो आला त्याने त्याच चार भोकांत स्क्रू पिळले.
पत्रं चारही नावांनी येतात. कुठलंच परत पाठवू नकोस.

चौकातला चौथरा रिकामा आहे.
वरचा माणूस उतरवला तेव्हा मी तिथेच होते.
क्रेनवाला वार्लाम पाव चघळत होता.
पुतळा आतून पोकळ निघाला :
चिमण्यांची घरटी, आणि कुणीतरी लपवलेली अर्धी बाटली.
अजूनही लोक म्हणतात, "त्याच्या पायाशी भेटू."
पाय नाहीत. भेटी होतात.

आता बाग.
फाटकावर पितळी अक्षरं : सार्वजनिक उद्यान,
खाली उद्घाटन करणाऱ्याचं नाव, हुद्द्यासकट.
सातपासून एकोणीसपर्यंतची घरं त्यात नाहीत.
एका रात्री ट्रक आले, आई म्हणायची,
आणि तिथेच थांबून डाळिंब सोलत राहायची.
पहाटे कोंबड्या तेवढ्या उरल्या होत्या.
त्या शेजाऱ्यांनी वाटून घेतल्या. आमच्याकडे दोन आल्या.
त्यांची अंडी खाऊन मी मोठी झाले.

दरवर्षी ऑक्टोबरात एक पाकीट यायचं,
करागांदाचा शिक्का. टोपीवाल्यांची चढण, घर क्रमांक अकरा.
नियम सांगतो : पत्ता सापडत नाही, परत.
पहिल्या वर्षी ठशाला शाईसुद्धा लावली होती मी.
मग काय झालं कोण जाणे, बागेत गेले
आणि तुतीच्या ढोलीत ते ठेवून आले.
दुसऱ्या दिवशी ढोली रिकामी.
वाटलं, पोरं असतील. वारा असेल.
नऊ वर्षं मी वाऱ्याला टपाल पोचवलं.

माळी बोंदो गेला, तेव्हा त्याच्या अवजारांच्या खोलीत
झेंडूच्या बियांच्या डब्यात ती सापडली. नऊच्या नऊ,
फोडलेली, पुन्हा घडी घातलेली.
बोंदोला वाचता येत नाही असंच आम्ही समजत होतो.
त्याने एखादं तरी उत्तर धाडलं असणार,
कारण त्या ऑक्टोबरात पाकीट आलं नाही.
माणूस आला.

ओतिया त्याचं नाव. आपलीच भाषा बोलत होता,
पण तिच्या कडा गोठलेल्या.
नळापासून पावलं मोजली त्याने. चौदा. मग डावीकडे तीन.
फुलांच्या वाफ्यापाशी थांबला, बूट काढले,
आत येताना काढतात तसे,
आणि म्हणाला, "इथे आमची चूल."
मग मला, "बस ना."
कुठे, म्हणून मी पाहतेय,
तर त्याने गवतावरची एक जागा हाताने झाडून दिली.

कोंबड्यांचं मी सांगितलं नाही.

नगरपालिका म्हणते, स्मारकाचा दगड बसवू. ठराव झालाय.
दोन वर्षं मजकुरावर अडलंय :
'गेले' लिहायचं की 'नेले'.
एका अक्षराचा प्रश्न आहे, म्हणे.

तोवर तू वाफ्यातून आडवा जाऊ नकोस, वळसा घे.
चार नंबरचा कुत्रा पिशवी पाहून भुंकतो, चावत नाही.
वरच्या टोकाची झुझुना पेन्शनच्या दिवशी चहाला बसवेल, बस.
आणि अकरा नंबरचं काही आलंच,
तर ढोली उत्तरेच्या अंगाला आहे,
हात कोपरापर्यंत घालावा लागतो.