आडवा धागा

आठ जून, दोन हजार चार, मंगळवार.
शुक्र सूर्यावरून जाणार होता
आणि मौलाली वेल्डरनं चौदा नंबरची काच
एका अटीवर दिली होती:
पाचच्या आत परत. शटरचं काम अडलंय.

पेपरातलं कात्रण फ्रॉकच्या खिशात घेऊन
मी गल्लीभर सांगत सुटले,
एकशे बावीस वर्षांनी येतोय, एकशे बावीस!
कुणाला काही ऐकू गेलं नाही.
भद्रावती पेठेत दिवसा बोलत नाहीत,
ओठ वाचतात.
खटाखट, खटाखट,
तांब्यातलं पाणीसुद्धा थरथरत असतं.

बाराला लाईट गेली.
एकेक लूम धापा टाकत थांबला
आणि इतकं शांत झालं
की समोरच्या राजव्वाची कात्री
तेंदूपानातून फिरताना ऐकू आली.

माणसं बनियनवर बाहेर आली,
भुवयांवर सुताची धूळ.
वर जूनमधलं आमचं आकाश.
तव्यासारखं म्हणवत नाही,
तवा निदान काळा असतो.

काच हातोहात फिरली.
यल्लप्पा म्हणाला, माशी बसलीय बे काचंवर, पूस की.
पुसून पाहिलं.
माशी सूर्यावरच होती.
आईनं तंबाखूच्या बोटांनी काच कडेला धरली,
"अय्यो, बोट्टु लावलाय की ओ सूर्यानं! काळा!"
काळा बोट्टु कोण लावतं,
यावर तिचं आणि राजव्वाचं थोडं वाजलं.

नान्ना शेवटी आले.
चार लूम सांभाळणारा माणूस,
कापडाकडे बघावं तसं बघत राहिले.
"डाग," म्हणाले.
"फ्रेश माल होता. सेकंडात गेला."
सगळे हसले. ते नाही.
"चालालंय का ते?"
चालालंय, सहा तास लागतात आरपार जायला.
"सहा तासांत एक आडवा धागा?
कुठला मालक ठेवील असल्याला कामावर!"

चारला लाईट आली.
गल्ली पुन्हा बहिरी झाली.
नान्ना तेवढे दारात, तोंड पश्चिमेला,
डोळ्यांवर काच.
ठिपका काठाला पोचला होता
आणि सुटतो की अडकतो
हे बघितल्याशिवाय त्यांना आत जाववेना.
आत धागा तुटला,
टॉवेलात गाठ बसली.
मालकानं सत्तावीस रुपये पगारातून कापले
आणि टॉवेल त्यांच्या खांद्यावर टाकला.

मी पळत गेले तरी सव्वापाच झालेच.
मौलाली रागावला नाही.
त्यानं काच डोळ्यांपुढं धरली,
दिवसभरात पहिल्यांदाच वर पाहिलं.
सूर्य कोरा होता.
"छान आहे," म्हणाला, आणि शटरकडे वळला.

आठ वर्षांनी तो परत आला. जोडीनं येतात हे.
या खेपेला पहाटेच, उगवत्या सूर्याला चिकटून.
मौलालीनं काच देऊनच टाकली होती.
पोरानं नवं हेल्मेट आणलं होतं,
ठिणगी पडली की आपोआप काळं होणारं.
मी आणि नान्ना साडेपाचपासून गच्चीवर,
आणि हैदराबाद रोडच्या बाजूला ढग,
न पिंजलेल्या कापसासारखे, ओले, जड.
दहापर्यंत थांबलो.
दोरीवर तोच टॉवेल वाळत होता.
त्यातली गाठ तरी शुक्रासारखी दिसते म्हणावं,
तर ती लांबट आहे,
कशासारखीच दिसत नाही.

"पुढचं कधी?" नान्नांनी विचारलं.
मी त्यांच्या कानाशी ओरडले,
त्या कानाशी, ज्यात तीस वर्षं लूम चालले होते:
एकशे पाच वर्षांनी!
"पाच?"
जिन्यापर्यंत जाऊन ते पुन्हा वळले.
"पाच म्हणजे काय, हा हा म्हणता जातील.
काच फडक्यात गुंडाळून ठेव."

मी गुंडाळली.