नऊ नंबर

नेरूळच्या मैदानावर चुना मारता मारता विचारलं,
किती गोल झाले रे एकूण?
एकशे बारा, म्हणाला युअन,
गुडघ्यावर बर्फ दाबत.
बर्फ करावेच्या कोळणीकडचा, पापलेटाच्या वासाचा.

सात क्लब, दोन ऑपरेशनं,
आणि स्कॉटलंडातल्या कुठल्याशा गावात
एका हुकलेल्या पेनल्टीपायी
अजून शिव्या घालतात म्हणे, नाव घेऊन.

शेवटच्या मॅचला चेंडू पायाशी आलेला,
गोलकीपर आडवा, जाळं मोकळं.
यानं तो डावीकडे सारला,
घणसोलीच्या प्रणिलकडे.
पोरगं मैदानभर नाचलं.
हा खाली बसून नाडी सोडत होता.

बूट मलाच देऊन गेला, नऊ नंबरचे.
मला सात लागतात.
पुढे चिंध्या कोंबून घालतो.
पेनल्टीचा ठिपका टाकायला वाकलो
की पाय आत सरकतो.